ब्रेकवरचा पाय

सर्जेरावांनी ब्रेक दाबला आणि चाक गप्प झालं. एवढंच झालं. रस्त्यावरून दोन ट्रेलर ऊस ओढणारा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, कोपऱ्यावरच्या रसवंतीचे घुंगरू सुरू झाले, बारामतीच्या त्या आतल्या गल्लीत सकाळचे दहा रोज वाजतात तसे वाजले. पण मोहनरावांचे दोन्ही हात जॅकवर उचललेल्या चाकावर होते तिथंच राहिले. एक वर, एक खाली. वरच्या हातानं चाक आत दाबायचं, खालच्यानं बाहेर ओढायचं, मग उलटं करायचं, आणि त्या हेलकाव्यात जो बारीकसा ठक्क लागतो तो तळव्यानं टिपायचा, हे ते अडतीस वर्षं करत आले होते. अर्ध्या मिनिटापूर्वी तो ठक्क लागला होता. अगदी स्वच्छ लागला होता. आणि सर्जेरावांनी पाय ठेवल्याबरोबर तो निघून गेला.

“सोडा,” मोहनराव म्हणाले. ठक्क आला. “दाबा.” गेला. “सोडा.” आला. “दाबा. नीट दाबा.”

“आवं, दाबलाय की!” सर्जेराव सीटवरून ओरडले. “आता काय जीप जमिनीत घालू? सकाळच्यापारी माझ्याकडनं कवायत करून घेताय व्हय?”

दाबलाय की. मोहनरावांनी चाकावरून हात काढले आणि पँटला पुसले. हात कोरडेच होते, तरी पुसले. हेच दोन शब्द याच जीपच्या याच सीटवरून त्यांनी दिवाळीच्या आधी ऐकले होते, जरा बारीक आवाजात, जरा उशिरा. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, दाबलाय का? आणि आतून आलं होतं, दाबलाय की. तेव्हा चाक गप्प झालं नव्हतं. तेव्हा ठक्क तसाच येत राहिला होता.

ही तशी साधी गोष्ट, गॅरेजात नवीन आलेल्यालाही पहिल्या आठवड्यात कळते. जुन्या जीपचं पुढचं चाक जॅकवर उचललं आणि ते डुगडुगलं, की चोर दोनच असतात. एक बेरिंग, ज्याच्यावर चाक फिरतं. दुसरी किंगपिन, ज्या खुंटीवर चाक डावीउजवीकडं वळतं. दोन्हींचा ठक्क हाताला सारखाच लागतो. मग कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला लावायचा. ब्रेकनं चाकाला घट्ट धरलं की बेरिंगमधली ढिलाई झाकून जाते. चाक गप्प झालं तर दोष बेरिंगचा. ब्रेक दाबूनही डुगडुगत राहिलं तर दोष किंगपिनचा. म्हणजे सगळी परीक्षा चाकाशी बसलेल्याच्या हातावर जेवढी, तेवढीच आत बसलेल्याच्या पायावर. आणि मोहनरावांच्या गॅरेजात तो पाय सिंधुबाईंचा होता. घर मागं, गॅरेज पुढं, मधे एक दार. मोहनराव चाकाशी उकिडवे बसूनच हाक मारायचे, “ए, पाय दे गं!” आणि सिंधुबाई पिठाचे नाहीतर भांड्याचे ओले हात कोपरापासून वर धरून यायच्या, हातानं कशाला न शिवता कोपराच्या आधारानं सीटवर चढायच्या, आणि पाय द्यायच्या. गल्लीतल्या बायकांनी त्यावरून पुष्कळ थट्टा केली होती. शेजारची कुशाबाई म्हणायची, “लोकांचं नवरं बायकूचा हात मागत्यात, ह्यांचा पायच मागतोय!” सिंधुबाई हसायच्या नाहीत, पण कुणी पाहुणा आला आणि गॅरेजची गोष्ट निघाली की त्या म्हणायच्या, “आमी दोघंबी मिस्त्रीच हाय.” त्या बोलायच्या, मोहनराव ऐकायचे, आणि त्यात ऐकण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

“किंगपिन घालून चार म्हयनं झालं न्हायती,” सर्जेराव खाली उतरत म्हणाले. सणसरचा हा ऊसवाला गडी, पण त्याची जीप उसाला कमी आणि देवाला जास्त पळायची. भजनी मंडळ, पखवाज, टाळांची पेटी, कधी स्वतः बुवा, सगळं त्याच्या जीपमधून इंदापूर तालुकाभर कीर्तनाला जायचं. “तवा म्हणला हुता, आता नातवाच्या लग्नापत्तूर बघायला नगं. अन् आज अंथुर्ण्यात कीर्तन. पाच वाजता बुवांना घिऊन पोचायचंय. चाकच निसटलं म्हंजी बुवा वरच्या वरच वैकुंठाला.”

“किंगपिन चांगलीच हायती,” मोहनराव म्हणाले. “बेरिंग हाय.”

“मग तवा?”

“तवाबी बेरिंगच हुतं.”

“म्हंजी?”

“म्हंजी माझं चुकलं.”

सर्जेरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मोहनराव मिस्त्री चुकलं असं म्हणतोय, याची त्यांना सवय नव्हती. मग ते मोठ्या मनानं म्हणाले, “चुकतंय माणसाचं. आमच्या बुवांचंबी कवाकवा ध्रुपद चुकतं, टाळकरी सावरून घेत्यात. तुमी करा. नवं बेरिंग मी आत्ता आणून दितो, मग मला मार्केट यार्डात काम हाय. चारला इथनं निघू.” आणि कुणाच्या पायानं कोण चुकलं हे न विचारता ते गेले, बेरिंगचा खोका आणून ठेवून परत गेले, आणि मोहनराव चाकासमोर एकटे राहिले.

तीन महिने त्यांनी एका वाक्यावर काढले होते. कळायला काही मार्गच नव्हता. हे वाक्य त्यांचं नव्हतं. सिंधुबाईंच्या दशक्रियेच्या दिवशी नदीच्या घाटावर प्रवचनाला बुवा उभे राहिले आणि म्हणाले, माउली कशी गेली बघा, कुणाला त्रास दिला नाही, कुणाला कळूसुद्धा दिलं नाही. आज कणीक मळत होती आणि चार दिवसांत पांडुरंगानं उचलून नेलं, आता यात माणसानं काय करायचं, कळायला काही मार्गच नव्हता. मांडवातल्या सगळ्या माना हलल्या होत्या. मोहनरावांनी आयुष्यभर कीर्तनं ऐकली होती, थंडीच्या दिवसांत घोंगडी पांघरून, उन्हाळ्यात अंगरखा घामानं भिजवून. बुवा सुरुवातीला एखादा धागा सोडून देतात आणि कीर्तनाच्या शेवटी तो अलगद हाती आणून देतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत दर वेळी पाणी यायचं, आणि तिकडं बायकांच्या बाजूला खांबाशी बसलेल्या सिंधुबाई पदर डोळ्याला लावतात की नाही हे ते हळूच बघून घ्यायचे. बुवांचं बोलणं त्यांना देवाचं बोलणं वाटायचं. म्हणून ते वाक्य त्यांनी उचललं आणि छातीशी धरून ठेवलं. पहाटे जाग आली की ते म्हणायचं. जेवणाचा डबा एकट्यापुरता उघडला की म्हणायचं. वाक्य चांगलं होतं. त्याच्यावर माणसाला टेकता येत होतं.

छन्नीनं त्यांनी लॉक वॉशरची मुडपलेली कड सरळ केली, बाहेरचा नट काढला, वॉशर काढला, आतला नट काढला. बोटं आपली आपण चालत होती. आतून बेरिंग हातात आलं आणि त्यांनी ते डिझेलच्या डब्यात बुडवून ब्रशनं धुतलं, फडक्यानं पुसलं आणि उजेडात धरलं. आतल्या कडेला तापून चढलेली निळसर झाक होती. रोलरवर देवीच्या व्रणासारखे बारीक खड्डे होते. हे चार महिन्यांचे नव्हते. हे तेव्हाही होते. किंगपिन बदलायला चाक उतरवलं तेव्हा हेच बेरिंग त्यांनी याच हातांनी काढलं होतं, पण तेव्हा निकाल लागून गेला होता. चोर सापडलाय म्हटल्यावर दुसऱ्याची झडती कोण घेतो? धुतलं, ग्रीस भरलं, नट पुन्हा बेताचा कसला, आणि नट नव्यानं कसला गेल्यामुळंच ठक्क बंद झाला. त्याचं श्रेय किंगपिननं घेतलं. आणि जुन्या किंगपिनना झीज नव्हती, हे त्यांनी बघितलं होतं. चक्क बघितलं होतं. बोटाचं नख फिरवून बघितलं होतं, नख कुठंच अडकलं नव्हतं. क्षणभर ते थांबले होते. मग त्यांना वाटलं, हाताला लागलं ते खोटं कसं असेल? ब्रेक दाबलेला होता आणि चाक हलत होतं. ब्रेक दाबलेला होता. ती म्हणाली होती.

ती दुपार आता त्यांच्यासमोर अशी उभी राहिली की डब्यातल्या डिझेलचा वास त्या दुपारचाच असावा. घरात चकलीची भाजणी भाजत होती, त्याचा खमंग वास दारातून गॅरेजात येत होता. त्यांनी हाक मारली. ती यायला वेळ लागला. त्यांनी पुन्हा मारली, जरा चढ्या आवाजात. ती आली, आणि सीटवर चढताना तिनं कोपराचा नाही, सबंध हाताचा आधार घेतला, दाराच्या पत्र्यावर पिठाची पाच बोटं उठली. ती बोटं त्यांनी बघितली होती आणि मनात म्हटलं होतं, आता हे पुसायचं काम वाढलं. मग दाब, सोड, दाब. ठक्क जाईना. “दाबलाय का?” “दाबलाय की.” “नीट दाब की गं, जेवली न्हाईस का?” त्यावर आत काही क्षण शांतता, मग कसलीतरी हालचाल, आणि पुन्हा, “दाबलाय.” तेव्हा ती काय करत असेल? दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून पाय खाली ढकलत असेल का? चाकाशी बसलेल्या माणसाला आतलं काही दिसत नाही. त्याला फक्त हाताला काय लागतं ते कळतं. आणि हाताला लागलं होतं. तिच्या उजव्या पायातून ताकद निघून चालली होती, ती पायातून ब्रेकमध्ये, ब्रेकमधून चाकात, चाकातून थेट त्यांच्या तळव्यापर्यंत आलेली बातमी होती, आणि त्यांनी ती घेतली, वाचली, आणि किंगपिन म्हणून खाली ठेवली.

मग ती उतरली आणि घराकडं चालू लागली, आणि तिची उजव्या पायातली चप्पल ब्रेकपाशीच राहिली. ती एका पायात चप्पल, एक पाय उघडा अशी दारापर्यंत गेली. मोहनरावांनी चप्पल उचलून दारात भिरकावली होती आणि म्हणाले होते, “आगं, गाडीला चप्पल घालून कुठं चाललीस?” ती वळली, पायाकडं बघितलं, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा असावा, आणि मग हसली. दोघंही हसले. त्या हसण्याला तीन आठवडे झाले आणि कार्तिकातल्या सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढं, कलंडली. दवाखान्यात चार दिवस होती, मग गेली. मेंदूतली नस. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. त्यानं वही घेऊन विचारलं, आधी काही लक्षणं? पायातली शक्ती कमी वाटणं, चालताना चप्पल निसटणं, असं काही? मोहनराव म्हणाले, नाही. शेजारी मोना उभी होती, त्यांची मुलगी, इंदापूरहून मिळेल त्या एसटीनं धावत आलेली. तिनं त्यांच्याकडं बघितलं. पुढं बाहेरच्या बाकावर तिनं विचारलं, “तात्या, तुमच्या काहीच लक्षात आलं नाही?” आणि ते म्हणाले होते, “पांडुरंगाची शपथ पोरी, काय म्हंजी कायच न्हाय.” ते खोटं बोलले नव्हते. चप्पल त्यांना आठवली नव्हती. पण शपथ घेतली ती घेतलीच, आणि ज्याची घेतली त्याला तर सगळं दिसत होतं. तेव्हापासून मोनाचा फोन आठवड्याला एक, दोन मिनिटांचा. जेवलात का, गोळ्या घेता का, ठेवते.

नव्या बेरिंगमध्ये ग्रीस भरताना ते तळहातावर घ्यायचं आणि बेरिंगची कड त्याच्यावर दाबत जायची, रोलरांच्या फटींतून दुसऱ्या बाजूनं पिवळे किडे बाहेर पडावेत तसं ग्रीस येईपर्यंत. हे काम त्यांना आवडायचं. आज ते त्यांनी दोनदा केलं, दुसऱ्यांदा करायची गरज नसताना. मग आतला नट. एका हातानं पाना, दुसऱ्या हातानं चाक फिरवत राहायचं. नट कसत जावं तसं चाक जड होत जातं, चांगलं जड झालं की थांबायचं आणि नट मागं घ्यायचा, फार नाही, एका फेऱ्याचा सहावा हिस्सा. लोक इथंच चुकतात. घट्ट म्हणजे चांगलं, असं माणसाला वाटतं. पण टाळाची दोरी बोटाला आवळून बांधली की टाळ बद्द वाजतो. त्याला झुलायला जागा लागते, तसं बेरिंगलाही थोडी जागा द्यावी लागते, नाहीतर ते तापून जळतं. जागा किती द्यायची हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ते हातालाच कळतं. मोहनरावांना ते कळायचं. भिगवणपासून अकलूजपर्यंतचे लोक त्याच्यासाठी गाडी घेऊन यायचे. केसाएवढी ढिलाई या माणसाला कळते, असं त्यांच्याविषयी बोललं जायचं, आणि आज पहिल्यांदाच त्यांना ते शिवीसारखं वाटलं.

वॉशर, बाहेरचा नट, कड मुडपली. आता पुन्हा ब्रेक दाबून बघायला हवं होतं आणि सर्जेराव नव्हते. तीन महिने ते यासाठी बांबूचा एक तुकडा वापरत होते. सीट आणि ब्रेक यांच्यामध्ये तो ठोकून बसवला की काम व्हायचं. कुणाला हाक मारावी लागत नव्हती. बांबू दाबतो तेवढाच दाबतो. तो ‘दाबलाय की’ म्हणत नाही. त्यांनी तो भिंतीवरून काढला, हातात घेतला, आणि परत भिंतीला लावून ठेवला. चाक त्यांनी नुसतंच हलवून बघितलं. काही लागलं नाही.

बेरिंग नव्यानं बसवलं की गाडी दहा-पंधरा किलोमीटर पळवून आणायची, मग हात लावून बघायचं, चाक तापलंय का. मोहनरावांचा हा फेरा सणसरपर्यंत असायचा. आजही ते तेवढंच ठरवून निघाले. नीरेचा कालवा रस्त्याच्या कडेनं पाणी घेऊन चालला होता, तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवलेलं होतं, त्याची काळी राख काचेवर येऊन बसत होती. सणसर आलं. त्यांनी जीप थांबवली, उतरले, वाकून चाकाला हात लावला. कोमट होतं, हवं तेवढंच. आता वळायचं. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, तो जाऊ दिला, मागून एसटी आली, तीही जाऊ दिली, रस्ता मोकळा झाला, आणि ते सरळ इंदापूरच्या दिशेनं निघाले. असं का केलं हे त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं. छातीत ते वाक्य होतं तिथं आता काही नव्हतं, आणि माणूस रिकाम्या छातीनं परत गॅरेजात जाऊन काय करणार?

अंथुर्ण्यात मंदिरापुढं मांडव घालत होते. कुणीतरी पोरांवर ओरडत होतं, सतरंज्या झटकल्या जात होत्या. याच मंदिरात तीन वर्षांपूर्वी बुवांनी ऐन निरूपणात एक वाक्य अर्धंच सोडलं होतं, मुद्दाम, आणि सगळा मांडव श्वास धरून थांबला होता. पखवाजवाल्यानं थाप देण्यासाठी उचललेला हात हवेत तसाच. ती शांतता मोहनरावांना नंतर कितीदा आठवली होती. घरी जाताना सिंधुबाई म्हणाल्या होत्या, “बुवा थांबले ना, तवा मला देव दिसल्यावानी झालं.” आणि त्यांनी गिअर बदलत विचारलं होतं, “उद्या डबा लौकर करशील ना?” हे आताच का आठवावं? निमगावच्या डाळिंबाच्या बागा मागं पडल्या. देवा, ते मनात म्हणाले, तू तर तेव्हा तिच्या पायात होतास, माझ्या हातात होतास, मग मधल्या चार फुटांत कुठं गेलास? आणि लगेच त्यांना लाज वाटली, कारण मधल्या चार फुटांत देव नव्हे, ते स्वतः बसलेले होते.

मोना दुसऱ्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा लोणी देवकरच्या कारखान्यात, पहिल्या पाळीला गेलेला. तिनं दार उघडलं आणि आधी वडिलांकडं, मग त्यांच्या ग्रीसच्या हातांकडं बघितलं.

“तात्या? फोन नाही, काही नाही. बरं आहे ना?”

“बरंय. ट्रायल घेत हुतो.”

“बारामतीची ट्रायल इंदापूरला?”

ते कोचावर बसले नाहीत, कोच खराब होईल म्हणून. खाली फरशीवर बसले. मोनानं पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं, पण प्यायले नाहीत. आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांना वाटलं होतं जड जाईल, पण ते एखाद्या गिऱ्हाइकाला दोष समजावून सांगावा तसं सांगत गेले: ब्रेक दाबला की काय होतं, नाही दाबला गेला तर काय होतं, किंगपिन, बेरिंग, पत्र्यावरची पिठाची बोटं. चप्पल. “तुझ्याफुडं शपथ घितली हुती मी,” ते म्हणाले, “ती खोटी निघाली. मला कळलं हुतं, मोना. माझ्या हातात आलं हुतं. मी गाडीच्या नावावर लावलं.”

मोना त्यांच्यासमोर फरशीवर बसली. खालच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“पायाचं. दिवाळीला मी आले होते ना, ती गच्चीवरून कपडे घेऊन उतरत होती आणि चप्पल वरच्या पायरीवर राहिली. मी विचारलं. तर म्हणाली, होतंय असं हल्ली, ब्रेकपण लागत नाही मला. मी म्हटलं, चल, आत्ता दाखवू. म्हणाली, सप्ताह होऊ दे. मी म्हटलं, मग मी तात्यांना सांगते. तर तिनं माझा हात धरला, तात्या. एवढा घट्ट. म्हणाली, त्यांना सांगू नगंस. सांगितलंस तर ते मला पाय मागायचं बंद करतील.”

मोहनरावांच्या हातातलं पाणी फरशीवर सांडलं. दोघांनीही ते पुसलं नाही.

“मी ऐकलं तिचं,” मोना म्हणाली. “आठ दिवसांनी काय होतंय, असं वाटलं. दवाखान्यात मी तुम्हाला विचारत होते ना सारखी, ते तुमची चूक काढायला नव्हतं. तुम्हीपण बघितलंय असं तुम्ही म्हणाला असता, तर मी एकटी राहिले नसते. तुम्ही शपथ घेतली, आणि मग मला बोलताच येईना. फोनवर तुमचा आवाज आला की ठेवून द्यावासा वाटायचा.”

मोहनरावांनी मान हलवली. त्यांना पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण हात काळे होते, आणि मनात दुसरंच सुरू झालं होतं. पाय मागायचं बंद करतील. अडतीस वर्षांत त्यांनी किती वेळा हाक मारली असेल? हजार, पाच हजार. प्रत्येक हाकेच्या पुढं एक चाक उचललेलं होतं. चाक खाली असताना, काही काम नसताना, नुसतीच अशी आपण तिला कधी हाक मारली होती का? ते शोधू लागले. जेवायला वाढ, ते कामच. पैसे दे, दार लाव, तेही कामच. लग्नानंतरच्या दिवसांत शोधलं, मोनाच्या जन्माच्या वेळी शोधलं, आणि अचानक त्यांना एक सापडली.

“एकदा मारली हुती,” ते मोठ्यानं म्हणाले.

“काय मारली?”

“हाक. नुसती. तुझ्या जन्माच्या आदूगर. आमी वालचंदनगरहून कीर्तन ऐकून येत हुतो, ती रस्त्याकडंच्या बाभळीखाली जरा लांब जाऊन हुबी राह्यली हुती, अन् मी हाक मारली, सिंधू म्हणून. नावानं.” मग त्यांचा चेहरा पडला. “न्हाय. तवाबी पंक्चर हुती. जॅक धराय बोलवली हुती.”

मोना हसली. एकदम, फसकन हसली, आणि तिला हसताना बघून मोहनरावांनाही हसू आलं, आणि मग मोनानं ओढणी तोंडाला लावली आणि ती रडू लागली, तीन महिन्यांचं एकदम. ते बसल्या जागी बसून राहिले. त्यांनी तिला रडू दिलं. पुष्कळ वेळानं ती उठली, डोळे पुसत आत गेली, चहाचं पातेलं ठेवल्याचा आवाज आला, लायटरचा आवाज आला, साखरेचा डबा उघडल्याचा आला. फरशीवरच्या पाण्याचा ओघळ त्यांच्या पायापर्यंत पोचला होता. सर्जेरावांचा फोन खिशात वाजून बंद झाला.

“मोना,” त्यांनी हाक मारली.

“ओ?” ती आतून म्हणाली. ती दारात आली, हातात चमचा, डोळे लाल. “काय हो तात्या? काय पाहिजे?”

“काय न्हाय,” मोहनराव म्हणाले. “नुसतीच मारली.”